चारशे बारा पुरुषांचे रोट

कानबाईचे रोट किती पुरुषांचे, हा प्रश्न देवरे मंडळींच्या घराण्यात आजवर कधी कागदावर गेला नव्हता. थोरल्या पातीच्या भिकुबाई सूप मांडीवर घेऊन बसायच्या, घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत सव्वा सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायच्या, आणि नावं संपली की टोपली चक्कीवर जायची; त्या पिठाच्या पुरणपोळ्या म्हणजे रोट. मुलगा जन्मला की एक नाव वाढायचं, कुणी गेलं की एक गळायचं. हिशेब सगळा म्हातारीच्या तोंडात, आणि तो कधी चुकल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

पण नव्व्याण्णव सालच्या श्रावणात खानदेशची ही कानबाई देवी जळगावात अभिमन देवऱ्यांच्या घरी बसणार होती, आणि अभिमनराव एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. तोंडी माहितीवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांच्या पत्नी यशोदाबाईंना मात्र फक्त एकच काळजी होती. एकोणीस वर्षं त्या भाऊबंदांना विनवत होत्या की एकदा तरी आई माझ्या घरी बसू द्या. भाड्याच्या खोल्यांत कानबाई बसत नाही, असं उत्तर मिळायचं. यंदा स्वतःचं तीन खोल्यांचं घर झालं आणि धुळ्याकडच्या वडीलधाऱ्यांनी होकार दिला. पण एक अट घालून. रोट सगळ्या भाऊबंदांचे एकत्र होतील, आणि नियमाप्रमाणे त्यांचं पीठ नारळी पौर्णिमेचा चंद्र उगवण्याच्या आत संपलं पाहिजे. तेही फक्त भाऊबंदांच्या पोटात. शेजाऱ्याला द्यायचं नाही, गाईला घालायचं नाही, उरवायचं तर नाहीच. उरलं, तर कानबाई पुन्हा त्या घरी बसणार नाही. यशोदाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मनात म्हटलं, आई, तू ये, बाकी मी संपवते. हे वाक्य इतकं शब्दशः खरं करावं लागेल याची त्यांना कल्पना नव्हती.

अभिमनरावांनी तयारी महिनाभर आधी सुरू केली. घराण्याचा भाट दर काही वर्षांनी यायचा आणि लांबलचक पोथीतून पिढ्यान्‌पिढ्यांची नावं वाचून, नवी नावं लिहून घेऊन, धोतरजोडी घेऊन जायचा. अभिमनरावांनी ती पोथी आठ दिवसांसाठी मागून आणली आणि तोतारामच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नेली. गॅस एजन्सीच्या माडीवर तीन यंत्रं, तीन खुर्च्या आणि बाहेर चपला काढायची पाटी, असा तो क्लास होता. यशोदाबाई एकदा डबा द्यायला गेल्या तेव्हा आपण होऊन डोक्यावर पदर घेऊन आत गेल्या. थंड खोली, अनवाणी माणसं, मंद उजेड आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही; त्यांना ते ठिकाण देवळापेक्षा फारसं वेगळं वाटलं नाही.

तिथं तोतारामनं त्यांना समजावलं की वंशावळीचा हा प्रोग्रॅम फुकट मिळालेला आहे. त्याचं नाव आर्बर. कुठकुठल्या देशांतली माणसं नोकरी सांभाळून तो लिहितात, आतलं सगळं लिखाण उघडं ठेवतात, ज्याला हवं त्यानं घ्यावं, सुधारावं आणि पुढं द्यावं. पैसा कुणी घेत नाही. यशोदाबाईंना हे फार मोठं वाटलं. आपण तांदळाची मूठ दान करायची तरी मनात पुण्याचा आकडा येतो, आणि ही माणसं कोण कुठली, जिला कधी बघणार नाहीत अशा जळगावच्या बाईच्या घराण्यासाठी रात्रंदिवस खपतात. त्यांनी यंत्राला नकळत हात जोडले. तोतारामनं तिकडं बघायचं टाळलं.

आर्बर नुसती वंशावळ ठेवतो. त्याला रोट कुठून ठाऊक असणार? ती सोय धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या लीलाधर चौधरी सरांनी केली होती. सर मूळचे सावद्याचे. त्यांच्या आईला रोटांची मोजणी जड जाऊ लागली म्हणून त्यांनी आर्बरला बाहेरून जोडायचा एक छोटा तुकडा लिहिला. अशा तुकड्याला प्लग-इन म्हणतात. त्याचं नाव त्यांनी ‘मूठ’ ठेवलं, आणि मागेल त्याला फ्लॉपीवर फुकट दिलं. तोतारामकडे ते होतंच. यशोदाबाईंना हे चटकन कळलं. मिक्सर एक आणि चटणीचं भांडं वेगळं, तसंच की.

पोथीतल्या सोळा पिढ्या भरून झाल्या. सोमवारी दुपारी अभिमनरावांनी ‘मूठ’ चालवायला सांगितलं. पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एवढंच आलं: एरर दोनशे एक. खाली तीन शब्द होते, थांबा, पुन्हा करा, दुर्लक्ष करा. आणि कुठलं बटण दाबायचं ते.

कचेरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसानं त्यावर जे करायचं तेच अभिमनरावांनी केलं. त्यांनी दोनशे एक हा जावक क्रमांक धरला आणि चौधरी सरांना साध्या टपालानं पत्र लिहिलं: ‘आपल्या प्लग-इनकडून पत्र क्र. २०१ प्राप्त झाले. तथापि त्यात विषय, कारण व पुढील कार्यवाही नमूद नाही. कृपया खुलासा व्हावा.’ पत्राची स्थळप्रत त्यांनी फायलीला लावली.

खुलासा येईपर्यंत शेजाऱ्यांनी आपापले खुलासे दिले. कुणी म्हणालं, यंत्र बंद करून चालू करा. ते तीनदा केलं. पलीकडच्या शेवंताबाई म्हणाल्या, श्रावणात पापडसुद्धा मऊ पडतात, ती चकती सादळली असेल, धूप दाखवा. तोही दाखवला, फ्लॉपीला दोन दिवस ऊदाचा वास येत होता. यंत्राला नारळ फोडलेला नाही, हे एका निवृत्त मास्तरांनी लक्षात आणून दिलं. तोतारामला मात्र पुढची बॅच बसवायची घाई होती. त्यानं सांगितलं, “भाऊ, असले नंबर रोज येतात. ‘दुर्लक्ष करा’ दाबा.” अभिमनरावांनी दुर्लक्ष केलं. यंत्र क्षणभर कुरकुरलं आणि पडद्यावर आकडा उमटला. चारशे बारा.

अभिमनरावांनी आकडा कागदावर उतरवून घेतला. त्यांना पत्ते ठाऊक असलेले भाऊबंद मुलाबाळांसकट सत्तावीस पुरुष होते. मग हे बाकीचे? उत्तर त्यांना रिक्षात बसल्यावर सुचलं. आपल्यातलं कुणीतरी फार पूर्वी सुरतेकडे गेलं होतं, असं लहानपणी कानावर पडलं होतं. तेवढीच ती गोष्ट निघायची आणि मोठी माणसं विषय बदलायची. तेच हे. तिकडं वाढून वाढून एवढे झाले. त्यांनी त्याच संध्याकाळी सुरतेच्या उधना भागातल्या खानदेशी मंडळाला पत्र टाकलं, की थोरल्या पातीचे कै. चुडामण देवरे यांच्या कुळातले चारशे बारा पुरुष हयात असून यंदा त्या सर्वांचे रोट जळगावी होत आहेत, तरी तिकडील संबंधितांनी उपस्थित राहावे.

आठ दिवस अभिमनराव जरा उंच झाल्यासारखे चालत होते. कचेरीत त्यांना चहा आपण होऊन येऊ लागला. साहेबांनी एकदा विचारलं, देवरे, निवडणुकीला कोण उभं राहतंय तुमच्याकडून? यशोदाबाईही भारावून गेल्या होत्या. एवढं मोठं कूळ, आणि आई त्या सगळ्यांना सोडून आपल्या तीन खोल्यांत यायला निघाली.

भिकुबाई शुक्रवारी एसटीनं आल्या. ऐंशी वर्षांचं वय, काठी, नाकात नथीचं रिकामं भोक. त्यांनी आकडा ऐकला आणि सूप मागितलं. अभिमनरावांनी सांगितलं की अक्का, चारशे बारा नावं घेत बसलो तर पहाट होईल. एक सव्वा मूठ तोलली, ऐंशी ग्रॅम भरली, चारशे बाराने गुणलं, झालं. तेहेतीस किलोला चाळीस ग्रॅम कमी. भिकुबाईंना किलो कळत नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, “नाव नही लिधं, ते गहू कोना?” नाव घेतलं नाही, तर हे गहू कुणाचे? त्याला अभिमनरावांकडे नियम नव्हता. ते म्हणाले, नावं यादीत आहेत, यादी रविवारी छापून मिळेल.

शनिवारी गहू गफूरभाईंच्या चक्कीवर गेले. गफूरभाई दरवर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी सकाळीच चक्की धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवत आणि रोटांखेरीज दुसरं दळण घेत नसत. लोक दोन-तीन किलोंची टोपली आणायचे. अभिमनरावांच्या हातगाडीवरची पोती बघून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, भाऊ, हे घरचं आहे की लग्नाचं? घरचंच, असं सांगितल्यावर त्यांनी मागच्या रांगेतल्या बायकांना उद्या पहाटे यायला सांगितलं.

रविवारी आई बसली. कलशावरच्या नारळाला मुखवटा, नथ, हिरवं पातळ. उजवीकडे ऊस, डावीकडे केळीचे खांब. यशोदाबाईंनी आईची ओटी भरली. भाऊबंद पन्नासएक आले होते. सुरतेचं कुणी नव्हतं. मग भिकुबाईंनी काठी आपटली. मोजताना नावं घेतली नाहीत, निदान आता आईपुढे घ्या. तोतारामकडून आलेली यादी, कडेला भोकं असलेल्या कागदाची ती लांब पट्टी, अभिमनरावांनी उलगडली आणि कचेरीत हजेरी घेतात तशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

पहिलं नाव निंबा चुडामण. भिकुबाईंनी खाली बघितलं. ते त्यांच्या मालकांचं नाव होतं, जाऊन बावीस वर्षं झालेल्या. दुसरं नाव लोटन चुडामण. भिकुबाईंचा जपमाळेवरचा हात थांबला. यशोदाबाईंना ते दिसलं. तिसरं नाव खुद्द चुडामण. भिकुबाईंनी झटकन डोक्यावरून पदर पुढं ओढला, सासरे समोर यावेत तसा. चौथ्या नावाला पदर आणखी खाली आला, पाचव्याला हनुवटीपर्यंत. आठव्या नावाला त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तिथूनच त्यांचा आवाज आला.

“अभिमन, ह्या बठ्ठा मरी जायेल शेतस.” हे सगळे गेलेले आहेत.

अभिमनरावांनी यादी वरून खाली बघितली, मग खालून वर. चारशे बारा नावांत त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा शोधलं. माणसाला स्वतःच्या घराण्याच्या यादीत जागा मिळायला मरावं लागावं, हा अपमान त्यांना सोसेना. ते गच्चीवर जाऊन बसले.

खाली तेहेतीस किलो पीठ होतं. हयात सत्तावीस पुरुषांचं सव्वादोन किलोही झालं नसतं. आणि पौर्णिमा गुरुवारी होती.

यशोदाबाई गच्चीवर गेल्या. नवऱ्याला म्हणायचं होतं ते त्यांनी खाली आईपुढे म्हणून घेतलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, अहो, चला, पुरण शिजलंय. भिकुबाईंनी तोवर निवाडा दिला होता. ज्यांच्या नावाचे गहू, ते जेवायला आले आहेत असं समजायचं. “त्यास्नं तोंड आपलंच शे,” त्या म्हणाल्या. त्यांना वेगळं तोंड कुठलं? आपल्याच तोंडानं जेवतील.

मग जेवण सुरू झालं. पहिल्या दिवशी सगळे हौसेनं जेवले. पोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. एकेक जण पोळी उचलताना एकेका पूर्वजाचं नाव घेत होता. नाव सापडेना झालं की यादी फिरायची. यावलहून आलेल्या झुलाल नावाच्या पुतण्यानं एकट्यानं नवव्या पिढीतले सहा जण संपवले आणि मग पोटाला उशी बांधून आडवा झाला. सोमवारी सकाळी आईला निरोप दिला. पण तो श्रावणी सोमवार. घरातल्या सगळ्या बायकांचा उपास, यशोदाबाईंचा तर निर्जळी. संध्याकाळपर्यंत निम्मी तोंडं बंद. त्या चुलीपुढे उपाशी बसून पोळ्या लाटत राहिल्या. आपल्या व्रतानं आपलंच दुसरं व्रत अडवावं, हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं; कुठलं मोठं, हे पोथीत कुठं लिहिलेलं नव्हतं. मंगळवारी सकाळी शिल्लक पीठ बावीस किलो भरलं. भाऊबंद एकमेकांच्या नजरा चुकवू लागले. एकाला अचानक नशिराबादला काम निघालं.

त्याच सकाळी दारात एक घामाघूम, चष्मेवाले, अबोल गृहस्थ उभे राहिले. हातात अभिमनरावांचं पत्र होतं. लीलाधर चौधरी सर. साध्या टपालाचं पत्र रखडत रखडत सोमवारी धुळ्याला पोचलं, सरांनी ते वाचलं आणि पहिली एसटी धरली.

“किती आकडा आला होता?” त्यांनी दारातूनच विचारलं. ऐकल्यावर ते पायरीवरच बसले.

सरांनी जे सांगितलं ते यशोदाबाईंनी लाटणं हातात धरूनच ऐकलं. आर्बरच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक माणसापुढे एक चौकट होती, ‘हयात आहे का?’ दुसरी आवृत्ती काढताना त्या परदेशी मंडळींनी त्याच जागी प्रश्न बदलला, ‘निधन झाले आहे का?’ सरांचं ‘मूठ’ पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेलं. त्याला फक्त चौकटीतला ‘हो’ मोजायला शिकवलं होतं. तोतारामकडे दुसरी आवृत्ती. म्हणून त्यानं निष्ठेनं सगळे गेलेले मोजले. दोनशे एक म्हणजे हीच सूचना होती, की आवृत्ती जुळत नाही, मोजू नका.

“मग त्यानं तसं का नाही सांगितलं?” यशोदाबाईंनी विचारलं. आवाज हळूच होता, पण सर खाली बघायला लागले.

ते म्हणाले, मला ठाऊक होतं दोनशे एक म्हणजे काय. वाचणाऱ्याला ठाऊक नसेल हे माझ्या मनातच आलं नाही. वर मी तीन बटणं ठेवली. ज्याला अडचणच सांगितली नाही, त्याला निवड करायला लावली.

यशोदाबाईंना पुन्हा मिक्सर आठवला. मिक्सरचं भांडं बसलं नाही तर बरं, मनुष्य दुसरं आणतो. बसलं आणि उलटं फिरलं, तर काय करायचं? त्या म्हणाल्या, “सर, व्रताच्या कहाणीत बघा. बाई चुकते, घर बुडतं. मग कुणीतरी भेटतं आणि सांगतं, बाई, तुझं अमुक राहिलं, म्हणून असं झालं, आता अमुक कर. नुसता नंबर सांगून कुणी जात नाही.”

सरांनी खिशातून वही काढली. ते भाऊबंद नव्हते, म्हणून रोटांना हात लावू शकत नव्हते. ज्याच्या चुकीनं पीठ झालं तोच एकटा ते संपवायला निरुपयोगी होता. पण ते परत गेले नाहीत. तोतारामकडे मुक्काम टाकून दिवसभर पायरीवर बसत, शेवंताबाईंकडचा चहा पीत आणि वहीत लिहून खोडत.

बुधवारी दुपारी सुरतेहून येणारी पॅसेंजर दोन तास उशिरा आली. तीनच्या सुमारास गल्लीत तीन रिक्षा थांबल्या. त्यांतून एक उंच म्हातारा उतरला, मागून दोन मुलगे, सुना, नातवंडं. सगळी मिळून सतरा माणसं. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. ओट्यावर बसलेल्या भिकुबाईंपुढे तो जाऊन उभा राहिला.

“वहिनी,” तो म्हणाला, “मना रोट शेतस का?” माझे रोट आहेत का?

भिकुबाईंनी पदर ओढला नाही. धाकट्या दिरापुढे कशाला ओढायचा? त्यांनी त्याचा चेहरा निरखला आणि काठी बाजूला ठेवली.

“शेतस, लोटन. यंदा दळेल शेतस.”

हळूहळू कळलं ते असं. चुडामणचा धाकटा मुलगा लोटन बेचाळीस वर्षांपूर्वी भांडून सुरतेला गेला. गिरणीत लागला. दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही, मग टाकली नाहीत. घरात पुढं भाट आला आणि त्यानं लोटनचं विचारलं, तेव्हा रागावलेल्या बापानं सांगितलं, गेला म्हणून लिही. भाटानं तसं लिहिलं. पोथीतून ते आर्बरमध्ये गेलं: निधन, हो. आणि उधन्याच्या मंडळात रविवारी अभिमनरावांचं पत्र मोठ्यानं वाचलं गेलं, तेव्हा मागं बसलेल्या लोटननं बापाचं नाव ऐकलं. बेचाळीस वर्षं तो दर श्रावणात घरी रोट न करता राहिला होता. तो म्हणायचा, मूठ टाकायची तर घराण्याच्या टोपलीत, नाहीतर नाही.

यशोदाबाईंच्या अंगावर काटा आला. त्या देवघराच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. आकडा बरोबर आला असता तर सत्तावीस मुठी दळल्या गेल्या असत्या, आणि लोटनची मूठ त्यांत नसती. सुरतेला पत्रही गेलं नसतं. गेलेल्यांची मोजणी झाली म्हणूनच या एका जिवंत माणसाचे गहू चक्कीवर गेले. त्यांनी पहिली गरम पोळी त्याच्या ताटात वाढली, त्याचंच नाव घेऊन.

पुढचं सतरा माणसांनी बघितलं. गिरणीत उभं राहून काम करणाऱ्या माणसांची जेवायची पद्धत निराळी असते. लोटनचे मुलगे बसले की उठायचं नाव घेत नव्हते. नशिराबादला गेलेला भाऊबंदही लाजून परत आला. झुलालनं उशी सोडली. गुरुवारी दुपारी साडेचारला परातीत शेवटचं मूठभर पीठ उरलं. त्याची एक छोटी पोळी झाली, आणि ती अभिमनरावांनी खाल्ली. चार दिवसांत ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, ही माझी. यादीत नसलो तरी चालेल.

निघण्याआधी सरांनी वहीतला मजकूर यशोदाबाईंना वाचून दाखवला. यापुढे आवृत्ती जुळली नाही तर ‘मूठ’ मोजणार नाही, दुर्लक्ष करायचं बटण देणार नाही, आणि मराठीत एवढं सांगेल:

‘मी आर्बरच्या पहिल्या आवृत्तीसाठी बनलो आहे. तुमच्याकडे दुसरी आहे. तिच्यात मी गेलेल्यांना हयात समजेन, म्हणून मोजणी थांबवली आहे. यात तुमची काही चूक नाही. नवे प्लग-इन धुळ्याहून फुकट मिळेल. पत्ता खाली आहे.’

यशोदाबाईंना ते फार आवडलं. कुणी अनोळखी माणूस, कुठल्याशा गावात, अडलेला असेल, आणि त्याला आधी हे कळेल की तुझी चूक नाही. त्यांचे डोळे भरून आले. भिकुबाईंनी मात्र सरांना पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि शेजारी बसलेल्या लोटनच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं की अजून एक ओळ राहिली आहे, नवं प्लग-इन येईपर्यंत काय करायचं त्याची.

सरांनी पेन काढलं.

“लिखा,” त्या म्हणाल्या. “तवलगून घरमाधली म्हातारीले इचारी ल्या.”